‘असेल’ आणि ‘आहेच’ यांमधलं अंतर

साप्ताहिक सदर : साक्षीपुरावा

लग्न 11 फेब्रुवारी 1982 ला झालं. त्याच वर्षी 11 जूनच्या रात्री, पुण्यात नवऱ्याच्या घरी ती गेली. मृत्यूचं कारण पोटॅशियम सायनाइड. संसार उणापुरा चार महिन्यांचा. मागे राहिली ती बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. त्यांत नव्या घरातली घुसमट होती.

नवरा, त्याचा भाऊ आणि चुलता असे तिघे आरोपी झाले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिघांनाही दोषी धरलं आणि नवऱ्याला फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने भावाला आणि चुलत्याला सोडलं, नवऱ्याची फाशी मात्र कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील मंजूर करून त्यालाही निर्दोष सोडलं. फाशीपर्यंत पोचलेला माणूस घरी गेला.

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल त्या तरुणाच्या आडनावानेच माहीत असतो. निर्दोष ठरून चाळीस वर्षं उलटली तरी खुनाच्या खटल्याला त्याचंच नाव चिकटलेलं आहे. म्हणून मी ते इथे लिहीत नाही. त्या मुलीचंही लिहीत नाही. मला बोलायचंय ते अपिलाबद्दल. घरातल्या घरात झालेल्या मृत्यूचं अपील ऐकताना न्यायालयाकडून आपण काय मागतो आणि काय मागायला हवं, याबद्दल.

अशा खटल्यात संशयाला फार लांब जावं लागत नाही. रात्री घरात कोण होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माहेरचे साक्षीदार दुःखाने पोळलेले असतात, सासरचे आरोपीच्या रक्ताचे असतात. तिऱ्हाईत माणूस त्या खोलीत नसतोच. मग उरतो परिस्थितीजन्य पुरावा. तो कसा जोखायचा, याचे पाच नियम न्या. मुर्तझा फझल अली यांनी 1984 च्या त्या निकालात घालून दिले आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. प्रत्येक परिस्थिती पक्की शाबीत झालेली हवी. ती फक्त आरोपीच्या अपराधाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसरी कुठलीही शक्यता तिने शिल्लक ठेवता कामा नये. आणि सगळ्या कड्या मिळून साखळी अशी हवी की, हे आरोपीनेच केलं असणार, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघू नये.

पहिला नियम सांगताना न्यायालयाने 1973 च्या एका निकालाचा आधार घेतला. तोही महाराष्ट्रातलाच, न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेला. आरोपी दोषी ‘असेल’ आणि दोषी ‘आहेच’ यांत लांबचं अंतर आहे. अंदाज एका काठावर राहतात, निश्चित निष्कर्ष दुसऱ्या.

या कसोट्या लावल्यावर पुण्याच्या खटल्यात काय उरलं? विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात : विष देण्याला हेतू होता, मृत्यू विषाने झाला, विष आरोपीजवळ होतं आणि ते देण्याची संधी त्याला होती. सायनाइड नवऱ्याजवळ होतं, ही कडीच जुळली नाही. पत्रं पुराव्यात घेतली गेली, कारण आपला कायदा मृत व्यक्तीने मृत्यूच्या परिस्थितीबद्दल केलेलं निवेदन ऐकतो. पण तीच पत्रं नीट वाचल्यावर त्यांतून एक खचलेलं, हळवं मनही दिसलं. आत्महत्येची शक्यता पुसता आली नाही. ज्या बाबी आरोपीच्या जबाबात त्याच्यासमोर मांडल्याच नव्हत्या, त्या त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. आरोपीचा बचाव खोटा निघाला म्हणून साखळीतली तुटकी कडी सांधली जात नाही, हेही बजावलं.

‘मग घराच्या भिंतीआड काहीही करावं आणि गप्प बसावं?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तरही महाराष्ट्रातूनच मिळालं आहे. नांदेडकडच्या एका खटल्यात सून साप चावून गेली, असं सासरकडून सांगण्यात आलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. सत्र न्यायालयाने नवऱ्याला छळाबद्दल शिक्षा दिली, पण खुनातून सोडलं. सरकारच्या अपिलात उच्च न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी धरलं आणि 11 ऑक्टोबर 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली असते, तिचा खुलासा त्याने द्यावा, असं साक्षीपुरावा कायद्याचं कलम 106 सांगत असे. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 109 आहे. चार भिंतींतल्या गुन्ह्यात या कलमाचं मोल मोठं आहे, हे त्या निकालाने ठसवलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की ते भांडत नाहीत. नांदेडला खून झाला, हे आधी शाबीत झालं होतं. कोणी आपला गळा आपल्या हाताने असा आवळून मरत नाही. त्यानंतर नवऱ्याला विचारणं भागच होतं. पुण्यात मुळात खून की आत्महत्या, हेच ठरलं नव्हतं. पाया सरकारने घालायचा, खुलाशाची वेळ त्यानंतर येते. हे 1956 पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे.

म्हणून ‘संशयाचा फायदा’ हा शब्दप्रयोग मला खुपतो. ‘फायदा’ म्हटलं की आरोपीला काही सूट मिळाली, असं वाटतं. ती सूट नाही. ज्याला फाशी द्यायची, त्याच्याबद्दल खात्री करून घेण्याचं ते आपलंच कर्तव्य आहे.

आणि तिचं काय? हा प्रश्न टाळून हा लेख मला संपवता येणार नाही. ती गेली तेव्हा सासरचा छळ हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. कलम 498-अ आलं 1983 च्या डिसेंबरात, हुंडाबळीचं 304-ब आलं 1986 मध्ये. आज कायदे आहेत. 2009 च्या अखेरपासून निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताच्या कुटुंबालाही मिळाला आहे. पण अपिलातलं खंडपीठ त्या खोलीत जाऊ शकत नाही. त्याच्यासमोर असतात कागद : पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षी. पहिल्या दिवशी पेला जप्त झाला नसेल, बाटली कोणी धुऊन ठेवली असेल, पंचांनी न वाचता सही केली असेल, तर देशातलं सगळ्यात मोठं न्यायालयसुद्धा तो दिवस परत आणू शकत नाही.

सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता म्हणते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. तालुक्याच्या ठाण्यात मध्यरात्री फोन येतो तेव्हा तिथे तज्ज्ञ पोचतो का, हे आपण आमदारांना विचारलं पाहिजे. निकालाच्या दिवशी ‘सुटला’ म्हणून हळहळणाऱ्यांपैकी किती जण हे विचारतात?

आपण सगळे मिळून आधी उशीर करतो : माहेरचे, शेजारी, पोलीस. मग त्या उशिराची भरपाई अपिलात, शिक्षेच्या रूपाने मागतो. ती भरपाई न्यायालयाने देऊ नये. पुण्याच्या त्या मुलीची पत्रं तीन न्यायालयांनी ओळ न् ओळ वाचली, शब्दांचा कीस पाडला. इतक्या बारकाईने ती वाचली गेली, तेव्हा लिहिणारी नव्हती. आज तसं लिहिणारी कोणी असेल, तर तिचा मेसेज आजच कुणाच्या तरी फोनवर येऊन पडलेला असेल. त्याला उत्तर द्यायला पुरावा लागत नाही. तिथे ‘असेल’ एवढंही पुरतं.