रोबोट इंजिनिअरांच्या मक्तेदारीतून सोडवा!

शाळेत रोबोटचे किट येते, शहरातून प्रशिक्षक येतो, गाडी पळवून दाखवतो. मुले टाळ्या वाजवतात, पाहुण्यांसोबत फोटो निघतो आणि पेटी कपाटात जाऊन बसते. याला शिक्षण म्हणायचे? यंत्रासाठी पैसा मिळतो, पण त्या यंत्रावर धडा कोण रचणार, हे विचारायची कोणाला गरजच वाटत नाही!

जमिनीवर खडूने रेघ ओढत जाणारी दोन चाकांची गाडी घ्या. मुलीला समभुज त्रिकोण काढायचा आहे. पुस्तकातला कोन ६० अंशांचा, म्हणून ती गाडीला दर वळणावर ६० अंश वळायला सांगते. त्रिकोण काही मिटत नाही. गाडी चालू ठेवली तर षट्कोन उमटतो. वळायचे असते १२० अंश, कारण गाडी बाह्यकोनातून वळते. ही चूक मुलीला करू द्यायची, उत्तर न सांगता तिलाच त्या रेघेवरून चालायला लावायचे, असा धडा रचायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. त्याला गणिताचा विद्यार्थी हवा, पाचवीच्या पोराला कळेल अशी आज्ञा लिहिणारा मराठीचा हवा, मूल नेमके कुठे अडते ते ओळखणारा मानसशास्त्राचा हवा. आणि हे सगळे एका टेबलाशी बसायला हवेत.

गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी लोगो या संगणकभाषेवर चालणारे, अशाच रेघा ओढणारे 'कासव' मुलांच्या हाती दिले, त्याला अर्धे शतक लोटले. आर्डुइनो हा स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी घडला, तोही डिझाइन शिकणाऱ्यांसाठी. मग रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या बीए-बीकॉमच्या मुलांना 'हे तुमचे काम नव्हे' असे सांगण्याचा अधिकार कोणी दिला?

इथे धड्यांना काय तोटा आहे? पेणच्या खारेपाटात उधाणाचे पाणी बांध फोडून शेतात शिरते. खारे पाणी गोड्यापेक्षा वीज चांगली वाहून नेते. दोन तारा, एक बॅटरी आणि एक भोंगा घेतला की बादलीतच बांधाचा पहारेकरी उभा राहतो. त्यात विज्ञान आहे, भूगोल आहे, बुडालेल्या पिकाचा हिशेबही आहे, आणि तो हिशेब कॉमर्सच्या मुलानेच मांडावा. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत वाढलेल्या मुलांच्या हातांना साचा आणि प्रमाण ठाऊक असते. रोह्याशेजारी धाटावची रासायनिक वसाहत आहे. वायुगळतीचा इशारा हा तिथल्या मुलांसाठी रोजच्या जगण्याचा धडा. कातकरी वाडीवरच्या मुलाला आज्ञा त्याच्या बोलीत मिळायला हवी, आणि ते काम भाषेच्या विद्यार्थ्याचे.

१९३७ साली वर्ध्यात हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम मांडली गेली. तिचे मोठे भाष्यकार विनोबा भावे, जन्म १८९५, गागोदे, तालुका पेण! त्यांच्याच तालुक्यात कला शाखेच्या विद्यार्थ्याने पेचकस हाती घ्यायचा नाही?

सबब सांगू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवीच्या चौकटीत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग करा. मुंबई विद्यापीठाने आणि पेण-रोह्याच्या प्राचार्यांनी येत्या जूनपासून सर्व शाखांचे मिश्र गट करावेत, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने जोडणी शिकवावी, प्रत्येक गटाला जिल्हा परिषदेची एक शाळा द्यावी. परीक्षाही त्याच वर्गात घ्या. पोरांना धडा कळला नाही, तर श्रेयांक देऊ नका!