षष्ठीचा प्रत्यय

मोटारीच्या माहितीपुस्तकात गिअरपेटीच्या तेलापुढे पुष्कळदा एकच शब्द छापलेला असतो : 'लाइफटाइम'. वाचणाऱ्याला वाटते, चला, एक काळजी मिटली, आयुष्यभराचे तेल! पण व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाच्या मनात लगेच शंका उभी राहते. आयुष्य खरे, पण कोणाचे? तेलाचे, गिअरपेटीचे, मोटारीचे, की हमीपत्राचे? छापणाऱ्याने षष्ठीचा प्रत्यय नेमका हवा तिथेच गाळला आहे.

हाताने गिअर टाकायच्या मोटारीत हे तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीत मात्र बिचाऱ्याला चार नोकऱ्या असतात. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद भांड्यात इंजिनाची ताकद पुढे पोचवायची ती त्यानेच. त्याच्याच दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळायच्या. वंगण तेच, आणि उष्णता वाहून न्यायची तीही त्यानेच. जनरल मोटर्सने 1940 सालच्या ओल्डस्मोबाइलमध्ये ही सोय आणली. पुढे कित्येक वर्षे या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत. 1970 च्या सुमारास अमेरिकेत देवमाशाला कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना दुसरे काही शोधावे लागले. देवमासा सुटला, तेलाचा ताप मात्र सुटला नाही. तापले की तेल जुने होते, काळपटते, त्याला करपट वास येतो. आणि आमच्या खानदेशात वैशाख म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

सोनगीरला आम्ही गेलो होतो ते पितळी पातेल्यांसाठी. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघाले, की किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव लागते; तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी त्याचे नाव जुने आहे. भांडी मनाजोगती मिळाली, पण परतताना मोटार दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मागून कोणी ढकलावे तसा धक्का देऊ लागली. फाट्यावरच्या कारागिराने खालून तेलाचा थेंब काढला, बोटावर चोळला, हुंगला आणि निकाल दिला, "सर, तेल काळं पडी गय. आते बदलनंच पडी." मी म्हटले, मग बदला. तर तो हसला. या पेटीला लागते ते तेल त्याच्याकडे नव्हते, आणि दुसरे घालायला तो तयार नव्हता. एका जातीच्या पेटीचे तेल दुसरीत घातले तर पेटी जाते, हे तो जाणून होता. अशी माणसे भेटली की मला बरे वाटते.

शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या तरुणाचा निकाल नेमका उलटा. "तेल लाइफटाइम आहे, सर, आम्ही बदलत नाही. आणि बाहेर कुठे बदललेत, तर वॉरंटी संपली." हमीची अकरा महिने मुदत राहिली होती. मुदतीनंतर पेटी गेली असती, तर खर्च माझा. आणि तो खर्च म्हणजे मुलीच्या कॉलेजच्या वर्षभराच्या फीची रक्कम. घरात यावरून दोन दिवस अबोला नव्हता एवढेच.

सुटीच्या दिवशी माहितीपुस्तक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे तपासले. मागच्या एका पानावर, बारीक अक्षरात, 'कठीण वापर' या मथळ्याखाली धूळ, उष्णता, घाट आणि रांगत चालणारी वाहतूक ही चारही लक्षणे दिली होती, आणि अशा वापरात गिअरपेटीचे तेल तपासून बदलावे, असे स्वच्छ म्हटले होते. धुळे जिल्ह्यातल्या माणसाने याहून सौम्य वापर करायचा तरी कुठे?

'बाहेर हात लावलात तर हमी रद्द' या धमकीचाही समाचार पूर्वीच घेतला गेला आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना मिळू न देणे हा मुख्य दोष; पण आयोगाने हेही बजावले, की बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून हमी सरसकट रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिले झाली, दंडावर वाद झाले. तरी गिऱ्हाइकाने हे वाक्य ध्यानात ठेवावे. बिल, तेलाचा नेमका प्रकार आणि त्या दिवशीचे किलोमीटर एवढे जवळ असले, म्हणजे दोष बाहेरच्या कामाचा आहे, हे म्हणणे त्यांना जड जाते.

मी भांडलो नाही. एक पानभर पत्र लिहिले : धक्का कधीपासून बसतो, तेल कसे दिसते, पुस्तकातले पान कोणते. शेवटी विनंती केली, की तेल बदलावे, अथवा बदलण्याची गरज नाही असे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. तोंडाने हमी रद्द करणारी माणसे लेखणी पुढे केली की फार विचारी होतात. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, गाडी घेऊन या."

एका खेपेस सगळे तेल निघत नाही, पुष्कळसे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून काही दिवसांनी दुसऱ्यांदा बदलले. पातळीही ठराविक तापमानालाच मोजावी लागते. ते काम त्यांनी माझ्यादेखत नीट केले, हे सांगितले पाहिजे. धक्का गेला. पैसे मीच भरले. बिलाच्या तळाशी मात्र त्या तरुणाने आपल्या हाताने लिहिले आहे : 'ग्राहकाच्या आग्रहावरून.' इथे षष्ठीचा प्रत्यय त्याने अचूक लावला आहे.