विश्लेषण : नोकरी सोडून व्यवसाय? जोखमीचा हिशेब कसा मांडायचा?

‘टीसीएसमध्ये आहे’ एवढे वाक्य कधीकाळी लग्नाच्या बोलणीत पुरेसे असे. त्याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, कपात जाहीर केली. तेव्हापासून ‘नोकरीही अशीच असेल, तर स्वतःचेच काही का करू नये’, हा प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला आहे.

नोकरी किती सुरक्षित?

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील काम करणाऱ्यांपैकी २१.७ टक्के लोक नियमित पगारी होते. बिगरशेती क्षेत्रातील अशा पगारदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करार नव्हता. याउलट स्वयंरोजगारातील लोक ५८.४ टक्के होते. मात्र हा आकडा उद्यमशीलतेचा पुरावा म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. त्यात शेतकरी आहेत, टपरीवाले आहेत आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारेही आहेत. त्यांच्यातील अनेकांनी व्यवसाय निवडलेला नाही, दुसरे काही मिळालेच नाही. ‘नोकरी की व्यवसाय’ हा प्रश्न मुळात बऱ्या पगाराची नोकरी हातात असलेल्यांचाच आहे.

पगाराची खरी किंमत किती?

बहुतेक हिशेब इथेच चुकतात. समजा, हातात ५० हजार येतात आणि मूळ वेतन ३० हजार आहे. कंपनी पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी भरत असेल, तर वर्षाला ४३,२०० रुपये होतात. ग्रॅच्युइटी दरवर्षी १५ दिवसांच्या वेतनाइतकी, म्हणजे सुमारे १७,३०० रुपये. पण ती साधारणपणे सलग पाच वर्षे झाल्यावरच मिळते. साडेचार वर्षांनी राजीनामा देणाऱ्याने कॅलेंडर पाहिलेले बरे. व्यवसायात स्वतःचे ५ लाख घातले, तर ७ टक्के दराने ठेवीवर मिळू शकणारे ३५ हजारही सोडावे लागतात. सगळे मिळून महिन्याला जवळपास ८ हजार. म्हणजे सर्व खर्च आणि कर वजा जाता व्यवसायातून ५८ हजार सुटले, तेव्हा कुठे ५० हजारांच्या पगाराशी बरोबरी होते. आरोग्य विमा आणि भरपगारी रजा यात धरलेल्याच नाहीत.

नफा असूनही धंदा का बसतो?

कारण येणी वेळेवर येत नाहीत. भोसरी किंवा वाळूजमध्ये जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्याला कामगारांचा पगार आणि वीजबिल दर महिन्याला चुकवावे लागते. माल घेणारी मोठी कंपनी मात्र तिच्या सवडीने पैसे देते. कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांचीच. मुदत मोडणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही, अशी तरतूदही एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? त्यामुळे यंत्राच्या किमतीइतकाच विचार खेळत्या भांडवलाचा करावा लागतो. नवखे उद्योजक नेमके तेच विसरतात.

कर्ज फेडता आले नाही तर?

मुद्रा योजनेत विनातारण कर्ज मिळते. ‘तरुण’ गटातील १० लाखांपर्यंतचे कर्ज ज्यांनी फेडले आहे, त्यांच्यासाठी मर्यादा २० लाख आहे. तारण नसले, तरी परतफेड चुकत नाही आणि थकबाकीचा डाग पतमानांकनावर राहतो. एकल मालकीच्या व्यवसायात तर मालकाची खासगी मालमत्ताही देण्यांना जबाबदार असते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत जबाबदारी मर्यादित. पण बँका बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागतातच.

मधला मार्ग आहे का?

आहे. नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करून नंतर त्यात पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट राजीनामा देणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. वेगाने वाढणाऱ्या अमेरिकी नवउद्योगांच्या संस्थापकांचे सरासरी वयही ४५ च्या आसपास आढळले आहे. पंचविशीतल्या ‘धाडसी’ तरुणाचे चित्र त्याला फारसे जुळत नाही. अर्थात, हे अमेरिकेचे आकडे आहेत. आपल्याकडे अनेक नियुक्तिपत्रांत दुसरे काम करण्यास मनाई असते. विप्रोने २०२२ मध्ये याच कारणावरून ३०० जणांना काढले होते. ते कलम आधी वाचावे, लागल्यास लेखी परवानगी घ्यावी.

गृहकर्ज घ्यायचेच असेल, तर त्याचा विचारही राजीनाम्याआधी करावा. व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात. मात्र त्या कर्जाचा हप्ता पगार थांबल्यावरही सुरू राहणार, हे धरूनच रक्कम ठरवावी लागेल. कंपनीचा समूह आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. घरात मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर ही पॉलिसी पगार सुरू असतानाच काढावी.