रानपिंगळा आणि आपला दावा



तानसाच्या जंगलात गळ्यात दुर्बीण घालून फिरणारी माणसं आता नवी राहिली नाहीत. खडवली, वासिंद मागं टाकून आसनगावला लोकलमधून उतरायचं, जीप करायची आणि उजाडायच्या आत रानात शिरायचं. यातली बरीचशी एका पाखरासाठी येतात. त्याचं नाव रानपिंगळा. वीतभर उंचीचं घुबड, पण त्याची गोष्ट मोठी आहे. आपल्या वनहक्काच्या दाव्यांशी तिचा संबंध आहे, म्हणून या अंकात ती लिहितो.

घराजवळच्या आंब्यावर, पडक्या भिंतीत बसतो तो साधा पिंगळा. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके, आणि बाहेर पडतो दिवस मावळताना. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. आणि तो शिकार करतो दिवसा. सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. अंडी घालतो झाडाच्या ढोलीत. ढोली जुन्या झाडालाच असते, हे तुम्हाला सांगायला नको.

हे पाखरू साहेबांच्या पुस्तकात पहिल्यांदा आलं 1873 साली. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला ते मिळालं आणि ह्यूम साहेबानं त्याला नाव दिलं. पुढं खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला काही पाखरं मारून त्यांची कातडी विलायतेच्या संग्रहालयात गेली. 1884 नंतर पक्कं असं एकही मिळालं नाही. मात्र एका कातड्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: गुजरातेत मांडवी, साल 1914. खाली नाव कर्नल माइनर्ट्‌झहागेन. मग शोधणारे तिकडं जाऊन हात हलवत परत आले. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या माणसांनाही ते सापडलं नाही. अखेर अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन बाईंनी कातडी उलटीपालटी करून तपासली. कर्नलानं संग्रहालयातलंच जुनं कातडं चोरलं होतं, पुन्हा भरून शिवलं होतं आणि खोटी चिठ्ठी बांधली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागा बघितल्या, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी बाई आणि त्यांच्या दोन साथीदारांना, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना, शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी!

शहादा म्हणजे भिल्ल-पावऱ्यांचा मुलूख. 1970 नंतर आदिवासींच्या जमिनीची मोठी लढाई झाली तोच. तिथल्या लोकांच्या डोक्यावर ते पाखरू बसत होतं, पण 113 वर्षं कागदावर ते मेलेलं होतं. एका कर्नलाची खोटी चिठ्ठी कित्येक वर्षं खरी धरली गेली, कारण ती कागदावर होती. आणि आपल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "ही दळी माझ्या बापानं कसली, हा बांध आजानं घातला," की साहेब विचारतो, पुरावा कुठाय? वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा आहे. विहीर, बांध, जुनी घरवट, देवाची जागा, मसणवट हाही पुरावा आहे. तरी दावे नामंजूर होतात ते "कागद नाही" म्हणून.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. रानपिंगळा फक्त सातपुड्यात राहतो असं समजत होते. ऑक्टोबर 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूला, आपल्या शहापूर तालुक्यात. अभ्यासकांना हे मोठं नवल. जगात याची मोठी पाखरं 250 ते 999 एवढीच असावीत असा त्यांचा अंदाज. 2018 पर्यंत त्याला अतिधोक्याच्या यादीत ठेवलं होतं, नव्या जागा सापडल्यावर एक पायरी खाली आणलं.

आनंदाचीच गोष्ट. पण अभ्यासाच्या अहवालात एक पान "धोके" असं असतं आणि त्यात हमखास "अतिक्रमण, झाडतोड, अंधश्रद्धा" असं लिहिलेलं असतं. ते पान कुठं पोचतं ते आपण पाहिलंय. वन्यजीववाल्या संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 13 फेब्रुवारी 2019 ला दावे नामंजूर झालेल्यांना बाहेर काढायचा हुकूम दिला होता. देशभर बोंब झाली तेव्हा 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. टांगती तलवार अजून तशीच आहे.

अभ्यासाशी आपलं भांडण नाही, हे नीट समजून घ्या. गिधाडांचंच बघा. 1990 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णवच्या वर नाहीशी झाली. कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे खायला नाही. 2004 साली संशोधकांनी सिद्ध केलं की ढोरांना देतात त्या डायक्लोफेनॅक या वेदनेच्या औषधामुळं हे झालं. मेलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी. 2006 मध्ये सरकारनं ढोरांसाठी ते औषध बंद केलं. खरा अभ्यास असा असतो. तो गुन्हेगार शोधतो, गरीब दिसला म्हणून पकडत नाही.

तसाच अभ्यास रानपिंगळ्याचा करा, आम्ही सोबत येतो. जुनी ढोलीची झाडं कुणी संपवली? वन विकास महामंडळ 1974 साली निघालं, त्यानं राज्यात ठिकठिकाणी जुनं मिश्र रान सपाट करून साग लावला. कूप पाडले कुणी? समृद्धी महामार्ग शहापूरच्या डोंगरांतून गेला, त्यात किती रान गेलं? तानसाचं धरण 1892 चं, पाणी मुंबईला. भातसाही मुंबईला, आणि त्याच नदीकाठच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात. हे सगळं "धोके" च्या पानावर लिहा. मग आमचा राब लिहा. राबासाठी ऐनाच्या फांद्या आम्ही तोडतो, झाड मुळासकट पाडत नाही. तरी फांद्या छाटल्यानं ढोलीवर काय परिणाम होतो ते मोजा आणि आम्हाला सांगा. ऐकू.

आपल्याकडचंही बोललं पाहिजे. घुबड अशुभ म्हणून दगड मारायचा, भगतानं मागितलं म्हणून धरून द्यायचं, पोरांनी गलोलीनं पिलं पाडायची, हे आपल्या पाड्यांवर चालतं. संघटनेला ते मान्य नाही. पिंगळा बोलला म्हणून कुणी मरत नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो म्हणून मरतात. वणव्याचंही तसंच. मोह वेचायला सोपं जावं म्हणून लावलेली आग ढोलीपर्यंत चढते.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. कलम 3 मध्ये सामूहिक वन राखण्याचा हक्क आहे, आणि आपल्या पारंपरिक ज्ञानावर आपला हक्क आहे. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. उद्या कुणी म्हणालं की रानपिंगळ्यासाठी हा "संकटग्रस्त वन्यजीव अधिवास" करायचा, तर कलम 4 वाचून दाखवा: आधी सगळे हक्क मंजूर करायचे, माणसांमुळं न भरून येणारं नुकसान होतंय हे सिद्ध करायचं, एकत्र राहणं शक्यच नाही हे दाखवायचं, आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची. माणसं हलवून मोकळी केलेली ती जागा पुढं दुसऱ्या कुठल्याही कामाला देता येत नाही, रस्त्यालाही नाही.

2023 च्या भारतातल्या पक्ष्यांच्या अहवालात 942 जातींचा हिशोब आहे, 178 जातींकडं तातडीनं लक्ष द्यायला सांगितलंय. सुमारे 30 हजार पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदींवर तो उभा आहे. आपल्या पाड्यांवरनं त्यात किती नोंदी गेल्या असतील, तुम्हीच सांगा. वाट दाखवणारा, झाड दाखवणारा पोऱ्या आपला, त्याला मिळते दिवसाची मजुरी. नोंद दुसऱ्याच्या नावावर.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत. अभ्यासाला येणाऱ्यानं आधी ग्रामसभेत बसून काय बघणार, कशासाठी, ते सांगावं. काम झाल्यावर अहवाल मराठीत वाचून दाखवावा, सोबत काम केलेल्या माणसांची नावं त्यात घालावीत. मोबाइलवर आवाज वाजवून पाखराला पुन्हापुन्हा बाहेर काढणाऱ्या फोटोवाल्यांना विणीच्या दिवसांत रानात सोडू नये. आणि वनहक्क समितीनं एक वही घालावी. ढोलीचं झाड कुठलं, साग की ऐन की मोह, कुणाच्या दळीच्या बांधावर, कुठलं पाखरू, कुठल्या महिन्यात. खाली दोन म्हाताऱ्यांचे अंगठे आणि समितीच्या सचिवाची सही घ्या. वहीची एक नक्कल दाव्याच्या फाइलला जोडा, दुसरी खडवलीला संघटनेकडं पाठवा.