मॉर्गेज : मेलेले तारण

“पोरीच्या लग्नापायी दोन एकर मॉर्गेज केले,” असे हल्ली पारावरही ऐकू येते. ‘गहाण’ म्हणायला जीभ अडखळते. इंग्रजी शब्दाआड लाज झाकता येते. पण मंडळी, या शब्दाच्या पोटात काय आहे ते कळले, तर आपले ‘गहाण’च बरे वाटेल!

हा शब्द इंग्रजांनी जुन्या फ्रेंच भाषेतून उचलला. ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेले आणि ‘गेज’ म्हणजे तारण. बाराव्या शतकात इंग्लंडात गहाणाच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत गहाण जमिनीचे उत्पन्न कर्जातून वळते होई. ते ‘जिवंत तारण’. दुसरीत उत्पन्न सावकार खाई आणि मुद्दल जिथल्या तिथे राही. ते ‘मेलेले तारण’, म्हणजेच मॉर्गेज.

पुढे 1628 साली एडवर्ड कोक या कायदेपंडिताने निराळा अर्थ सांगितला. कर्ज फिटले नाही, तर जमीन कर्जदाराला मेली. फिटले, तर तारण सावकाराला मेले.

या ‘गेज’चा गोतावळा मोठा आहे. शब्दाला बांधून घेणे ती ‘एंगेजमेंट’, म्हणजे आपला साखरपुडा. मजुरीला म्हणतात ते ‘वेजेस’ही त्याच कुळातले. साखरपुडा, मजुरी आणि गहाण, तिन्हींच्या मुळाशी दिलेला शब्दच!

पण जमिनीच्या व्यवहारात नुसता शब्द पुरत नाही. आपल्याकडची ‘मुदत खरेदी’ घ्या. कागद खरेदीचा आणि तोंडी बोली अशी की, “पाच वर्षांत पैसे फेडा, जमीन परत घ्या.” 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 साली दुरुस्ती झाली. परतीची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण मानीत नाही. चिठ्ठी वेगळी लिहून घेतली, तरी तिने ते गहाण ठरत नाही. म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी घरातल्या शिकलेल्या लेकी-सुनेकडून सगळा कागद मोठ्याने वाचून घ्या.

आणि कर्ज फिटले की गप्प बसू नका. बेबाकीचा दाखला घ्या आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातला बोजा कमी करून घ्या. फिटल्या कर्जाचे मेलेले तारण सातबाऱ्यावर जिवंत राहता कामा नये!