सिलतऱ्याच्या शाळांना माणूस हवा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की धरसींवा विकासखंडात सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाचा हा पट्टा नागपूरकरांना परका नाही. नागपूरच्या जायस्वाल निको समूहाचा पोलाद कारखाना इथेच आहे. सिलतऱ्याच्या धुराविषयी अधूनमधून लिहिले जाते, इथल्या शाळांविषयी फारसे कोणी बोलत नाही. अशा वसाहतींत बरेचसे काम ठेकेदारामार्फत मिळते आणि ठेका संपला की कुटुंब बिऱ्हाड हलवते. मुलाच्या घरात छत्तीसगढी, भोजपुरी किंवा ओडिया, पुस्तकात हिंदी. आईवडील दोघेही कामावर गेले की धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी, याचे उत्तर बहुधा घरातली थोरली मुलगी असते. असे मूल पटावर असते पण वर्गात नसते आणि वर्गात आले तरी फळ्यावरचे त्याला कळत नाही. या मुलांसाठी प्रत्येक शाळेत एखाद्या युवा संस्थेचा प्रशिक्षित, पगारी कार्यकर्ता रोज हजर असावा आणि कारखान्यांचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा) निधी सर्वांत आधी त्याच्यावर खर्च व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

कायद्याने या मुलांना काही कमी दिलेले नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देणेही बंधनकारक आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला चौथी-पाचवीत बसवले आणि त्याला अक्षरओळखच नसेल, तर ते विशेष प्रशिक्षण द्यायचे कोणी? छत्तीसगढ सरकारने २०२५मध्ये शाळांचे युक्तियुक्तकरण, म्हणजे शाळा आणि शिक्षकांची फेररचना, हाती घेतले, तेव्हा सरकारी आकडेवारीनेच सांगितले की राज्यातल्या साडेचारशेच्या आसपास शाळांत तेव्हा एकही शिक्षक नव्हता आणि साडेपाच हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. शहरालगतच्या शाळांची स्थिती याहून बरी असेल. तरी वर्ग घेणारा, माध्यान्ह भोजन पाहणारा आणि माहितीचे तक्ते भरणारा शिक्षक गैरहजर मुलाच्या खोलीवर रोज जाऊ शकत नाही. त्याची इच्छा नसते असे नाही, त्याच्या दिवसात तेवढे तास नसतात.

शिक्षकाच्या जोडीला असा माणूस दिल्याने काय साधते, याचा पुरावा मुंबईतच सापडतो. १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमायला सुरुवात केली. वस्तीतली, दहावी-बारावी झालेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळे बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत असे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी केली. २००७मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी मुलांच्या गुणांत सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. शैक्षणिक प्रयोगांच्या मानाने ही वाढ मोठी मानली जाते. फायदा मुख्यतः सर्वांत कच्च्या मुलांना झाला आणि खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास आला. बालसखीकडे न जाता मूळ वर्गातच राहिलेल्या मुलांचा पट कमी झाला, पण त्यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून हे साधले नव्हते. कच्च्या मुलाकडे त्याच्या पायरीवर जाऊन लक्ष देण्याने साधले होते. मुले कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात हा फायदा बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. एका वर्षाची मदत पुरत नाही, हा त्याचा अर्थ.

संध्याकाळी वस्तीत वर्ग चालवा, शाळेत कशाला, असे काही जण सुचवतात. त्याचे उत्तर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याने दिले आहे. तिथे गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले आली त्यांचे वाचन झपाट्याने सुधारले. पण आलीच जेमतेम आठ टक्के. ज्यांना अजिबात वाचता येत नव्हते, त्यांच्यातलीही तेरा टक्केच पोहोचली. सर्वांत गरजू मूल आपणहून मदतीकडे चालत येत नाही, कारण त्या वेळी ते घरकामात किंवा भावंडात अडकलेले असते. म्हणून मदत शाळेच्या वेळापत्रकात बसली पाहिजे आणि शाळेत न आलेल्या मुलापर्यंत त्याच माणसाने दुपारनंतर पोहोचले पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळांशी जोडलेले समुपदेशक किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ते मुलांशी आणि पालकांशी सतत संपर्कात राहतील, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांसाठी ‘बालरक्षक’ आणि स्थलांतरित मुलांसाठी पुढच्या शाळेत दाखवायचे ‘शिक्षण हमी पत्रक’ या कल्पना रुजल्या. सिलतऱ्यात ठेका संपवून निघालेल्या कुटुंबाच्या हातात असे पत्रक देणारा आणि पुढच्या गावातल्या शाळेला फोन करणारा कोणीतरी हवा. हे काम कार्यकर्त्याचे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सरकारचे काम आहे; संस्थांची माणसे आत घेतली की सरकार शिक्षकभरती टाळेल. ही भीती पोकळ नाही. कमी पगारात शिक्षकाचेच काम करण्याचा अनुभव छत्तीसगढच्या शिक्षाकर्मींनी वर्षानुवर्षे घेतला आहे. म्हणून अट स्पष्ट हवी: कार्यकर्ता शिक्षकांच्या मंजूर पदांत मोजला जाणार नाही, पूर्ण वर्ग त्याच्यावर सोपवला जाणार नाही आणि शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरण्याची मागणी शाळा व्यवस्थापन समिती सोडणार नाही. पगाराचेही तसेच. बालसखीला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. तो उपक्रम स्वस्त ठरण्यामागे त्या तरुणींच्या अल्प मानधनाचा वाटा होता, हे विसरता कामा नये. किमान वेतनापेक्षा कमी देऊन कोणाकडून दुर्बलांची सेवा करून घेणे म्हणजे एका गरजूचा भार दुसऱ्या गरजूवर टाकणे. शिवाय असा माणूस टिकत नाही आणि रोज नवा चेहरा दिसला तर मूल आपली अडचण सांगत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. अनोळखी तरुणांना मुलांमध्ये सोडायचे कसे? पोलीस पडताळणी, बाललैंगिक अत्याचारविरोधी ‘पॉक्सो’ कायद्याचे प्रशिक्षण, मुलाशी बोलणे चारचौघांना दिसेल अशा जागी आणि अत्याचाराची शंका आली तर ती दडवून न ठेवता कळवणे, एवढे नियम लेखी हवेत. मुलाच्या घरची माहिती सीएसआर अहवालाच्या छायाचित्राखाली छापली जाणार नाही, हाही त्यातलाच एक नियम. धोका शून्य होणार नाही. पण ज्या मुलाची चौकशी कोणीच करत नाही, ते आजच अधिक धोक्यात आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. धूर सोडणाऱ्या कारखान्यांना शाळेत कशाला घ्यायचे? सीएसआर हा उपकार नव्हे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार, निकषांत बसणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे आहेत आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायचे आहे. हा पैसा दिल्याने प्रदूषणाची जबाबदारी एका कणानेही कमी होत नाही. ती वेगळी आणि तशीच वसूल झाली पाहिजे. मात्र सगळे एकाच देणगीदाराच्या मर्जीवर सोपवणे धोक्याचे. लंडनमध्ये शाळाशाळांतून मुलांना आधार देणारी ‘किड्स कंपनी’ ही मोठी संस्था ऑगस्ट २०१५मध्ये अचानक बंद पडली आणि मुले एका दिवसात पोरकी झाली.  सिलतऱ्यात अनेक कंपन्यांनी मिळून एकच निधी उभारावा आणि तो जिल्हा शिक्षण विभागाच्या देखरेखीखाली ठेवावा. सीएसआरचे नियम सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणाऱ्या प्रकल्पाला परवानगी देतात. तेवढी हमी तरी पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

आज सीएसआरच्या पैशातून शाळेला रंगवलेल्या भिंती, दप्तरे आणि पाण्याची टाकी मिळते, कारण त्यांचे उद्घाटन होते आणि फोटो निघतो. गैरहजर मुलाच्या खोलीवर चौथ्यांदा गेलेल्या तरुणीचे उद्घाटन करता येत नाही. सिलतऱ्यातल्या कंपन्यांच्या संचालकांनी, विशेषतः नागपुरात बसून निर्णय घेणाऱ्यांनी, पुढच्या वर्षीच्या सीएसआर आराखड्यात पहिली ओळ अशा कार्यकर्त्यांच्या पगाराची लिहावी. जिल्हा प्रशासनाने त्यांच्यासाठी नियमावली करावी. भिंती त्यानंतर रंगवल्या तरी चालतील.