आयटीआय झाली, आता पुढे?

प्रत्येक मोहल्ल्यातल्या गॅरेजात असा एक तरी मुलगा असतो, जो इंजिनचा आवाज ऐकूनच बिघाड सांगतो. उस्तादांच्या हाताखाली त्याने पाच-सहा वर्षे काढलेली असतात. हातात हुनर आहे, कागद एकही नाही. त्याच्याच चुलतभावाकडे आयटीआयचा कागद आहे, पण कारखान्यातले मोठे यंत्र त्याने कधी चालवलेले नाही. दोघांचीही अडचण सोडवणारी वाट म्हणजे शिकाऊ उमेदवारी, अर्थात अप्रेंटिसशिप. आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेक पालकांना ती ठाऊकच नसते.

यासाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तेव्हा कंपनीच्या गेटवर जाताना मान खाली घालायचे कारण नाही. आपण मेहेरबानी मागत नाही.

आयटीआय किंवा दहावीवाल्यांनी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवावे. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी नॅट्स हे वेगळे पोर्टल आहे. मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर इथल्या कारखान्यांत व शेडमध्ये मुले घेते. तिथे लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. (दहावीला नुसते पास झाले की पुरे, असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात, परीक्षा मात्र द्यावी लागते. माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही पातळ्यांवर मुले घेते, पण परीक्षा घेऊन.

आता पैशांचे. 2019 च्या नियमांनी आयटीआयवाल्याला महिना किमान 7,000, डिप्लोमाला 8,000 आणि डिग्रीला 9,000 रुपये विद्यावेतन ठरवले. "एवढे तर गॅरेजातही मिळतात," असे अब्बा म्हणतात, आणि भाड्याच्या खोलीत सहा माणसांचे घर चालवणाऱ्या माणसाचे ते म्हणणे खोटे नाही. कंपनी पुढे नोकरी देईलच असेही नाही. पण साधारण वर्षभराने अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि तिचे राष्ट्रीय प्रमाणपत्र आयुष्यभर सोबत राहते. आखातात माणसे पाठवणाऱ्या कोकणातल्या घरांना अशा कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. जमत असेल तर एक वर्ष ओढून काढावे, असे आमचे मत आहे.

आपल्या मुलांचे अर्ज अडकतात ते बहुधा नावापायी. आधारवर 'शेख इम्रान सलीम', शाळेच्या दाखल्यावर 'इम्रान सलीम शेख', बँकेत 'इम्रान शेख'. कुठे पूर्ण 'मोहम्मद', कुठे नुसते 'मो.' मशीनला ही तीन वेगळी माणसे वाटतात. 2023 पासून विद्यावेतनातला सरकारचा वाटा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, त्यामुळे हा घोळ महाग पडतो. दहावीचा फॉर्म भरतानाच नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासा. मार्कशीट छापून आल्यावर दुरुस्तीसाठी शाळेमार्फत बोर्डाकडे खेटे घालावे लागतात. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर आधीच काढून ठेवावे. केंद्राच्या जागांसाठी त्याचा नमुना वेगळा असतो.

जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर सरळ घरी परता.

करारावर सही करण्यापूर्वी ट्रेड, मुदत आणि विद्यावेतन वाचून पाहा. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागते, म्हणून अब्बांनी किंवा अम्मींनी सोबत जावे. करार पोर्टलवर नोंदला गेला का, हे पंधरा दिवसांनी आठवणीने विचारा. नोंद नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. फिटर म्हणून घेऊन रोज पॅकिंगलाच उभे करत असतील, तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.